काळ्या ट्रंकेतील कागद

सातारा जिल्ह्यात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याच्या दवाखान्यात फौजेतून निवृत्त झालेला रुग्ण आला नाही, असा दिवस क्वचितच जातो. या मंडळींची एक सवय आता माझ्या चांगल्या परिचयाची झाली आहे. ‘काय त्रास होतो?’ असे विचारले की पहिले उत्तर येते, ‘काही नाही, सगळं ठीक आहे.’ मग सोबत आलेल्या पत्नीकडे वळावे लागते, तेव्हा खरे दुखणे कळते. कुरकुर न करण्याची ही सवय नोकरीत त्यांच्या कामी आली असेल. पण निवृत्तीनंतर अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा दावा करायची वेळ आली म्हणजे तीच सवय त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला फार महाग पडते. आजचा लेख त्या दाव्याविषयी आहे आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीचाही समावेश आहे.

तोफखान्यातून चोवीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झालेले एक हवालदार माझ्याकडे प्रथम आले तेव्हा त्यांचे वय बावन्न होते. कानात रातकिडे ओरडतात आणि नातवंडांचे बोलणे उमगत नाही, अशी त्यांची तक्रार होती. दवाखान्यात गर्दी होती. मी कान तपासले, पडदे शाबूत दिसले, आणि केसपेपरवर ‘वयोमानाने आलेला बहिरेपणा’ असे लिहून मोकळा झालो. बावन्नाव्या वर्षी वयोमानाने बहिरेपणा! तोफेशेजारी किती वर्षे उभे होता, हा प्रश्न मी विचारलाच नाही. पुढे काही वर्षांनी त्यांच्या मुलाने वडिलांच्या वतीने दाव्याचा अर्ज केला आणि सोबत जोडायला म्हणून माझ्या दवाखान्यातले जुने कागद नेले. अर्ज फेटाळला गेला. सेवाकाळात कानाच्या तक्रारीची नोंद आढळत नाही हे एक कारण, आणि खाजगी डॉक्टरांनीच हा बहिरेपणा वयाचा असल्याचे लिहिले आहे हे दुसरे.

हा दावा कोणत्या दोन खांबांवर उभा असतो, ते प्रत्येक माजी सैनिकाच्या घरात ठाऊक असले पाहिजे. पहिला प्रश्न असा की, आजार किंवा इजा लष्करी सेवेमुळे झाली काय, किंवा आधीपासून असलेला आजार सेवेमुळे बळावला काय? दुसरा प्रश्न, मेडिकल बोर्डाने अपंगत्व किती टक्के ठरवले? सामान्यतः ते किमान २० टक्के असावे लागते. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात, असा सातव्या वेतन आयोगानंतरचा हिशेब आहे. ५० पेक्षा कमी टक्केवारी ५० धरावी, ५० ते ७५ पर्यंतची ७५ आणि त्यावरची १०० धरावी, ही सवलत आधी अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्यांनाच मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या प्रकरणात ती सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू असल्याचे मान्य केले. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. म्हणून आपले निवृत्तीचे वर्ष कोणते, हे सल्लागाराला पहिल्याच वाक्यात सांगावे.

बहुतेक दावे अडतात ते पहिल्या प्रश्नावर. ‘सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही’ हे एक वाक्य फाइलवर उमटले की माणूस खचतो. पण ते वाक्य म्हणजे शेवट नव्हे. धरमवीर सिंह यांच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, तो माणूस भरतीसमयी निरोगी होता असे मानले जावे, आणि आजार सेवेमुळे नाही असे म्हणणाऱ्या मेडिकल बोर्डाने त्याची कारणे द्यावीत. म्हणून नकाराचे पत्र हाती आल्यावर बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत अवश्य मागावी आणि तीत कारण लिहिले आहे की नुसता शेरा मारला आहे, ते पाहावे. पहिले अपील सहा महिन्यांच्या आत करायचे असते. त्यापुढे दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झाला म्हणून हक्क बुडतोच असे नाही, मात्र थकबाकी साधारणतः दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. दिरंगाईची किंमत अशी रोख मोजावी लागते.

आता कानाविषयी थोडे वैद्यकीय, कारण कागद आणि शरीर यांचा संबंध येथे नीट दिसतो. मोठ्या आवाजाने कान बिघडतो तेव्हा प्रथम नुकसान होते ते साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांचे. ऑडिओमेट्रीच्या आलेखावर तेथे खळगा पडतो आणि ८००० हर्ट्झकडे रेषा पुन्हा थोडी वर चढते. वयाच्या बहिरेपणात असा खळगा नसतो. उंच स्वरांकडे रेषा उतरतच जाते. परंतु साठी ओलांडल्यावर वयाचा उतार त्या खळग्यावर चढतो आणि खळगा दिसेनासा होतो. म्हणजे पन्नाशीत केलेली ऑडिओमेट्री जे सांगू शकते, ते सत्तरीतली सांगू शकत नाही. बावन्नाव्या वर्षी ती तपासणी मी करवून घेतली असती, तर हवालदारांच्या हाती एक मजबूत कागद असता. निवृत्तीच्या वेळच्या तपासणीत कुजबुजलेला आवाज काही अंतरावरून ऐकू येतो काय, हे पाहिले जाते. केवळ उंच स्वर गेलेला माणूस त्यात सहज उत्तीर्ण होऊ शकतो. आणि ‘काही त्रास आहे का?’ या प्रश्नाला आमच्या हवालदारांनी काय उत्तर दिले असेल, ते सांगायला नकोच. बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी मिळायची होती, अनफिटचा शेरा त्यांना नको होता.

काकूंनी मात्र हार मानली नाही. घरच्या माळ्यावर फौजेतली काळी ट्रंक होती; वरती पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव घातलेली. तीत जुन्या गणवेशाच्या घडीखाली, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, लष्करी रुग्णालयाचा एक जुना कागद मिळाला. फायरिंगच्या सरावानंतर कानात शिट्टी वाजते म्हणून पाठवले, असे त्यात नोंदले होते. तारीख होती, शिक्का होता, सोबत ऑडिओमेट्रीचा धूसर आलेखही होता. हवालदारांना तो प्रसंग आठवतही नव्हता. ‘दोन दिवस आराम दिला होता, त्यात काय सांगायचं?’ असे ते म्हणाले.

तेव्हा माझी पहिली विनंती घरातल्यांना आहे. ती ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश, मेडिकल बोर्डाची प्रत, रुग्णालयाच्या चिठ्ठ्या, एम. आय. रूमच्या नोंदी, अगदी घरी पाठवलेल्या पत्रात ‘दवाखान्यात आहे’ असे लिहिले असेल तर तेही एका ठिकाणी ठेवा. आणि म्हातारा माणूस बोलतो तेव्हा ऐका. कोणत्या साली, कोठे, काय झाले. सोबत कोण होते. हिमबाधा होती की गाडी उलटली होती. तारखा वहीत उतरवून घ्या. स्मृतिभ्रंश सुरू झाल्यावर हे विचारायला जाऊ नका. मी तसे प्रयत्न केविलवाणे होताना पाहिले आहेत. मूळ नोंदी रेकॉर्ड ऑफिसात असतात: तोफखान्याच्या नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला. अर्जाला सेवाक्रमांक लागतो. पत्नीचे नाव आणि जन्मतारीख सर्व कागदांत एकच आहे काय, हेही त्याच वेळी तपासा. लग्नानंतर बदललेल्या नावाने पुढे कुटुंब निवृत्तिवेतन अडल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आहेत.

दुसरी विनंती तुमच्या डॉक्टरांना, म्हणजे माझ्या व्यवसायबंधूंना. अपंगत्वाची टक्केवारी आपण लिहू नये. तो अधिकार मेडिकल बोर्डाचा. रुग्ण प्रथम केव्हा आला, त्याच्या शब्दांत तक्रार काय होती, तपासणीत काय आढळले, पूर्वेतिहासात त्याने सेवेबद्दल काय सांगितले, एवढे तारखेसह लिहिले तरी पुष्कळ. कारण ठाऊक नसेल तर ‘वयामुळे’ लिहू नये. मागील तारखेचा दाखला मागायलाही लोक येतात. मी तो देत नाही. त्या खोट्यापायी खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. जिल्हा रुग्णालयाचे दिव्यांग प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. त्यातील ४० टक्क्यांची अट निराळ्या कायद्यातली. ते दाखवून लष्कराचे निवृत्तिवेतन आपोआप मिळत नाही. उलट, आधीच मंजूर झालेले अपंगत्व पुढे वाढले असेल, तर फेरतपासणीची मागणी सैनिकाने स्वतः रेकॉर्ड ऑफिसकडे करावी लागते. कोणी घरी बोलवायला येत नाही.

मदतीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तेथे पैसे लागत नाहीत. थकबाकीत वाटा मागणारे मध्यस्थ आणि ‘स्पर्श’ प्रणालीच्या नावाने फोनवर ओटीपी विचारणारे, या दोघांनाही दारातूनच परत पाठवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दाव्याच्या निकालापर्यंत उपचार थांबवू नका. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकासाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. पंधरा वर्षांची सेवा होण्याआधीच आजारामुळे घरी यावे लागलेल्या जवानाला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळाले, तर या योजनेचे दारही त्यामुळेच उघडते. त्याच्या घरात दाव्याचे मोल म्हणूनच दुप्पट. कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकमध्ये जावे, तेथून पॅनलवरील रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. मध्यरात्री छातीत कळ आली, तर चिठ्ठीची वाट पाहू नये. जवळचे रुग्णालय गाठावे आणि ते पॅनलवरचे नसेल, तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे. हे काम मुलाने किंवा सुनेने आधीच वाटून घेतलेले बरे. पॉलिक्लिनिकचा दूरध्वनी क्रमांक कार्डाच्या पाकिटातच ठेवावा.

हवालदारांच्या बाबतीत मला हीच गोष्ट अधिक लागली. श्रवणयंत्र घेतले तर ‘ऐकू येते’ असे होऊन दावा बुडेल, या समजुतीने ते कित्येक वर्षे यंत्राविना राहिले. नातवंडे त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती. श्रवणयंत्र ईसीएचएसमधून मिळू शकते आणि अपंगत्व ठरते ते कानाच्या स्थितीवर, हे त्यांना पटवायला मला तीन बैठका लागल्या. मागील महिन्यात त्यांनी यंत्र घातले. अपिलासोबत ट्रंकेतला कागद जोडला आहे. माझेही पत्र जोडले आहे, त्यात माझी आधीची नोंद तपासणीविना केली होती हे मी लिहून दिले. निकाल अजून यायचा आहे. काकूंची तक्रार मात्र नवी आहे. इतकी वर्षे ओरडून बोलायची सवय लागली, आता मी स्वयंपाकघरात पुटपुटते तेही यांना ऐकू येते, असे त्या परवा सांगत होत्या.