वाऱ्याला क्रेडिट नको

गेल्या महिन्यात आमच्या अकरा जणांच्या टीममधून चौघांना नारळ मिळाला. संध्याकाळी ग्रुपवर एका सीनियरचा मेसेज: "ताऱ्यांच्या वादळातूनच नवे तारे जन्मतात, चिअर अप!" सोबत मृगातल्या तेजोमेघाचा फोटो. च्यायला, डोकंच फिरलं. फोटो झक्कास होता, विज्ञान अर्धवट.

तर मंडळी, विषय निघालाच आहे तर... थंडीत आमच्या कॅम्प ४ मधल्या गच्चीवरूनही साध्या बायनॉक्युलरने हा तेजोमेघ दिसतो. (वांगणीच्या अंधारात नुसत्या डोळ्यांनी!) मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली पुसट ठिपका, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर. त्याच्या पोटात दाटीवाटीने तारे बसलेत आणि त्यात एक दादा आहे, सूर्याच्या तीसेक पट वजनाचा. सूर्याचा वारा सेकंदाला साधारण चारशे किलोमीटरने वाहतो, दादाचा दोन हजारांच्या वर.

हा वारा करतो काय, ते 'सोफिया'ने दाखवलं. म्हणजे बोइंग ७४७ मध्ये बसवलेली दुर्बीण, २०२२ मध्ये निवृत्त झाली. ती कार्बनच्या आयनांचा १५८ मायक्रॉनचा प्रकाश बघायची. हवेतली वाफ तो खाली पोचू देत नाही, म्हणून उंच जावं लागतं. आपल्या मुंबईच्या टीआयएफआरनेही हैदराबादहून सोडलेल्या फुग्याला एक मीटरची दुर्बीण टांगून मृगातला हाच प्रकाश टिपला होता. 'सोफिया'च्या २०१९ च्या निष्कर्षानुसार दादाभोवती वायूचा एक बुडबुडा सेकंदाला १३ किलोमीटरने फुगतोय. म्हणजे पुढच्या ताऱ्यांचा कच्चा माल बाहेर ढकलला जातोय. शिवाय ताऱ्यांना एकत्र धरून ठेवण्यात या वायूच्या गुरुत्वाचाही मोठा हात असतो. तो गेला की बहुतेक पुंजके विस्कटतात. सगळी टीम पांगते!

दुसरी बाजूही आहे. वृश्चिकातल्या 'आरसीडब्ल्यू १२०' या बुडबुड्याच्या कडेला वाऱ्याने रेटलेला वायू साचून नवे तारे घडताहेत, असं २०२१ मध्ये मांडलं गेलं. म्हणजे मेसेज अगदीच खोटा नाही. पण कडेला तरुण तारा दिसला म्हणजे तो वाऱ्यानेच घडवला? तिथे आधीच दाट गोळा असेल आणि वारा नुसता येऊन पोचला असेल तर? लॉगमध्ये एकापाठोपाठ एक दोन ओळी दिसल्या म्हणून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

माझं मत सरळ आहे. वारा फार तर रेटतो. तारा घडतो तो वायू स्वतःच्या वजनाने आत कोसळतो म्हणून.

आमचं गावच बघा ना. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. "फाळणी झाली म्हणून हे शहर उभं राहिलं," असं मी एकदा खालच्या दुकानातल्या अंकलना म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "फाळणीने आमचं घर घेतलं, बेटा. शहर आमच्या आईच्या पापडांनी उभं केलं."

त्या चौघांचंही होईल नीट. होईल तेव्हा क्रेडिट त्यांचं, नारळ देणाऱ्यांचं नाही. असो. शनिवारी चौघांना गच्चीवर बोलावलंय. रात्री बायनॉक्युलर, सकाळी दाल-पकवान.