दुरुस्तीतून आलेला बिघाड

१२ सप्टेंबर २०२५ रोजी कांडल्याहून मुंबईला निघालेल्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानाचे एक चाक उड्डाणाच्या वेळीच निखळले आणि कांडल्याच्या धावपट्टीवर पडले. मुंबई विमानतळावर आणीबाणी जाहीर झाली. ७५ प्रवाशांना घेऊन आलेले विमान सुखरूप उतरले. त्या घटनेची कारणमीमांसा हा येथे विषय नाही. मात्र याच बनावटीच्या विमानांनी २००७ साली युरोपात जी खळबळ उडवून दिली होती, तिची आठवण या निमित्ताने अनेकांना झाली असेल. त्या प्रकरणातला तिसरा अपघात विमानांच्या देखभालीचा विचार करणाऱ्यांना आजही अस्वस्थ करतो. दोष सापडला, तो दूर करण्याचे काम सुरू झाले आणि त्याच कामातून दुसरा दोष उभा राहिला.

९ सप्टेंबर २००७ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे (सास) क्यू-४०० विमान ६९ प्रवासी आणि चार कर्मचाऱ्यांसह कोपनहेगनहून डेन्मार्कमधीलच ऑलबोर्ग येथे पोहोचले. उजवे मुख्य चाक खाली येऊन पक्के बसल्याचा संकेत वैमानिकांना मिळेना. अखेर विमान उतरवताच उजवी बाजू कोसळली. पंख्याची पाती जमिनीवर आपटून तुटली आणि त्यांचे तुकडे थेट प्रवासी कक्षात घुसले. जीवितहानी झाली नाही, हे सुदैवच म्हणायचे. तीनच दिवसांनी, १२ सप्टेंबरला, याच कंपनीचे दुसरे विमान लिथुआनियातील विल्निअस येथे तशाच रीतीने कोलमडले.

दोन्ही वेळा कारण एकच निघाले. चाके वर ओढणाऱ्या आणि खाली सोडणाऱ्या हायड्रॉलिक दट्ट्याच्या टोकाचा जोड आट्यांमध्ये गंज चढल्याने सुटला होता. आट्यांच्या आत लपलेला हा गंज वरवरच्या पाहणीत दिसणारा नव्हता. १०,००० हून अधिक वेळा उतरलेली विमाने तपासणी होईपर्यंत जमिनीवर ठेवावीत, अशी सूचना उत्पादक बंबार्डिये कंपनीने केली. तपासण्या झाल्या, संशयास्पद भाग बदलले गेले आणि विमाने पुन्हा आकाशात गेली.

मग २७ ऑक्टोबर उजाडला. नॉर्वेतील बर्गनहून कोपनहेगनला आलेल्या सासच्या क्यू-४०० विमानाचे उजवे चाक पुन्हा पूर्ण खाली येईना. ऑलबोर्गचा धडा ताजा असल्याने वैमानिकांनी उतरण्यापूर्वी उजवे इंजिन बंद केले आणि पंख्याजवळच्या प्रवाशांना दुसऱ्या आसनांवर हलवण्यात आले. विमानातील सर्व ४४ जण बचावले. सर्वांना वाटले, पुन्हा गंजच. डॅनिश तपास अधिकाऱ्यांना मात्र सापडली एक रबरी 'ओ-रिंग'. हायड्रॉलिक तेलाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या झडपेचे बारीक छिद्र तिने बुजवले होते. या विमानाचा दट्ट्या काही दिवसांपूर्वीच बदलण्यात आला होता. ते काम करताना ठरवून दिलेली पद्धत सोडली गेली आणि सुटी राहिलेली रिंग तेलाच्या मार्गात शिरली, असा तपासाचा रोख होता.

गंजाला वर्षे लागतात; ही चूक काही दिवसांत फळाला आली. उघडलेली यंत्रणा पुन्हा जोडताना एखादी वस्तू आत राहते किंवा एखादी बाहेर राहते, आणि कागदोपत्री मात्र काम पूर्ण झालेले असते. त्याच वर्षी १३ मार्चला जपानमध्ये ओसाकाहून कोची येथे गेलेल्या ऑल निप्पॉन एअरवेजच्या क्यू-४०० विमानाचे पुढचे चाक बाहेरच आले नाही व विमान नाकावर उतरवावे लागले. चाकाच्या दरवाजाच्या यंत्रणेतील एक बोल्ट जागेवर नव्हता. विमान ताब्यात देण्यापूर्वी कारखान्यातच झालेल्या दुरुस्तीत तो बसवायचा राहिला असावा, असा निष्कर्ष जपानी तपासातून पुढे आला.

सासने मात्र तिसऱ्या अपघातानंतर तपासाचीही वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी आपली सर्व २७ क्यू-४०० विमाने कायमची सेवेतून काढण्याचा निर्णय जाहीर झाला. हा निर्णय अभियंत्यांचा कमी आणि प्रवाशांच्या विश्वासाची चिंता वाहणाऱ्या व्यवस्थापनाचा अधिक होता. तिसऱ्या अपघाताचा पहिल्या दोहोंशी तांत्रिक संबंध नव्हता. शिक्षा विमानाला झाली, पण चूक विमान जोडणाऱ्या हातांची होती. आणि ते हात कंपनी कोणतेही विमान घेवो, लागणारच. मार्च २००८ मध्ये नुकसानभरपाईच्या तडजोडीत सासने बंबार्डियेकडेच २७ विमानांची मागणी नोंदवली, त्यांत १४ विमाने पुन्हा क्यू-४०० मालिकेचीच होती!

तंत्रज्ञांना अधिक सावध राहा असे सांगून हा प्रश्न सुटत नाही. नाजूक काम झाल्यावर ते न करणाऱ्या दुसऱ्या पात्र व्यक्तीने तपासावे, हा जुना उपाय आहे आणि वेळापत्रकाच्या घाईत सर्वात आधी त्याचाच बळी जातो. दुसरा उपाय, चूक करताच येणार नाही अशी रचना. तोही वेळेवर अमलात यावा लागतो. १८ जून २०२१ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७८७ विमान उभ्या जागी नाकावर कोसळले. त्यात माल भरला जात असतानाच तंत्रज्ञ एका बिघाडासंबंधीची चाचणी घेत होते. चाक मिटू नये म्हणून बसवायची खीळ शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या छिद्रात गेली होती. एका तंत्रज्ञाचा हात तिथवर पोहोचत नव्हता. त्याने खालून जागा दाखवली, दुसऱ्याने शिडीवरून खीळ बसवली. हे चुकीचे छिद्र बुजवण्याचा आदेश अमेरिकी नियामकांनी जानेवारी २०२० पासून लागू केला होता. मुदत ३६ महिन्यांची होती आणि या विमानाची पाळी अद्याप आली नव्हती.