दोष टीव्हीचा की पिंपाचा?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही कोपरगावी मावसभावाच्या घरी मुक्कामास होतो. पुतणीचे बारावीचे वर्ष. फोनच्या लहान पडद्यावर तिचे डोळे दुखतात, म्हणून रसायनशास्त्राचे पाठ ती घरच्या वायफायवरून टीव्हीवर लावी. पाच मिनिटे झाली की चित्र थांबे आणि मधोमध एक चाक फिरत राही. “काका, हे रोजचंच आहे,” असे म्हणून तिने वही मिटली. दुकानदाराने सांगितले होते, सेट जुना झाला, नवा घ्या, हप्त्याने देतो. वहिनींनी बचत गटातून कर्ज काढायचे ठरवूनही टाकले होते. गटाची बैठक रविवारी होती.

आम्ही या विषयातले जाणकार नव्हे. पण कर्ज काढण्याआधी दोष कोठे आहे ते तरी पाहू, एवढेच आम्ही सुचवले. फोनचा मोबाइल डेटा बंद केला, फोन घरच्या वायफायला जोडला आणि तोच पाठ टीव्हीशेजारी उभे राहून लावला. तेथे फोनवरही चाक फिरू लागले. म्हणजे टीव्ही निर्दोष! मग फोन घेऊन राउटरजवळ गेलो, तर पाठ न अडखळता चालला. म्हणजे जोडणी देणाऱ्याकडूनही नेट नीट येत होते. (तेथेही अडखळला असता तर त्याला फोन करायचा होता.) स्वच्छ चित्राला साधारण ५ एमबीपीएस वेग पुरतो, आणि तेवढा तर घरात येतच होता.

अडचण मधल्या वाटेत होती. राउटर आतल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे. पलीकडे भिंतीलगत पाण्याने भरलेली चार पिंपे. कोपरगावात नळाला रोज पाणी न येण्याची वर्षे ज्यांनी काढली, त्यांच्या घरातून पिंपे सहसा जात नाहीत. वायफाय म्हणजे रेडिओच्याच लहरी. लोखंड त्यांना परतवते, पाणी शोषून घेते. पत्र्याचे पार्टिशन असलेल्या घरांतही हाच प्रकार होतो, आणि आपल्यापैकी कित्येकांची घरे तशीच आहेत.

राउटर कपाटामागून काढून दाराच्या वर, उंच फळीवर ठेवला. निम्मे काम तेथेच झाले. पुढे पाहिले तर राउटर दोन नावांनी लहरी सोडत होता. त्यांतली २.४ गिगाहर्ट्झची लांब पोचते, भिंतीतूनही बरी जाते, पण तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, मात्र भिंत आली की दमते. टीव्ही या दुसरीला जोडलेला होता, तो आम्ही पहिलीला जोडला. जुन्या काही सेटना तर दुसरी दिसतच नाही, त्यामुळे यादीत एकच नाव आले तर घाबरू नये. पासवर्ड टाकताना इंग्रजी मोठी-लहान अक्षरे जशीच्या तशी टाकावीत. आमच्याकडून तीनदा तेथेच चुकले.

जुन्या वाचकांना आठवत असेल, एकेकाळी घरात रेडिओ ठेवायचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला मात्र २००५ सालापासून आपल्या देशात परवाना लागत नाही. म्हणून तर हे घरोघर पोचले.

ज्यांचा टीव्ही साधा आहे त्यांनीही लगेच नवा घेऊ नये. मागे एचडीएमआयचे भोक असेल तर त्यात बसणारी छोटी स्टिक मिळते. तिला वीज टीव्हीतून न देता भिंतीच्या प्लगमधून द्यावी, नाहीतर काही सेटवर ती मध्येच बंद पडते. आणि वीज जाऊन आली की राउटरला दोन मिनिटे द्यावीत. टीव्ही आधी जागा होतो, नेट सापडत नाही म्हणतो, आणि घरात भांडण लागते.

रविवारी वहिनी बैठकीला गेल्या, पण कर्जाचा अर्ज न देता परतल्या. पाठ आता पूर्ण चालतो, मावशींना आवाज मोठा वाटतो एवढेच. पिंपे न्हाणीघराकडे हलवली आहेत. स्वयंपाकघरापासून ती आता दहा पावले लांब पडतात, आणि कळशी वाहण्याची पाळी कोणाची, हे आम्ही निघेपर्यंत ठरले नव्हते.