दगड, पाणी आणि वजनकाटा

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे सूत्र नववीतली मुलं झोपेतून उठवलं तरी सांगतात. हातात दगड दिला की मात्र गांगरतात. म्हणून या अंकात आम्ही सोडवलेल्या उत्तरांपेक्षा मोजणीला जास्त पानं दिली आहेत.

अंगणातला काळा दगड घ्या. समजा, किराणा दुकानाच्या काट्यावर तो ५८ ग्रॅम भरला. मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी आहे; दोऱ्याला बांधून दगड अलगद बुडवला आणि पाणी ७० वर गेलं. काचेलगत पाणी किंचित वर चढतं, म्हणून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि मधल्या खोलगट भागाचा तळ वाचायचा. चूक होते ती इथेच. ५८ भागिले २०, म्हणजे २.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. सह्याद्रीचा बेसॉल्ट साधारण एवढाच भरतो! पुस्तकातला आकडा असा स्वतःच्या हातून निघतो, तेव्हाचा मुलांचा चेहरा मला फार मोलाचा वाटतो.

गतीसाठी एसटीची खिडकी पुरते. किलोमीटरच्या एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत ९० सेकंद लागले, तर सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर. घाट लागला की पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे आम्हाला कळवा.