‘घेणे’ आणि ‘टेक’

आम्हां कलकत्तेकर मराठी मंडळींत हल्ली एक क्रियापद फार माजले आहे. दिसायला ते मराठी, आतून शुद्ध इंग्रजी. आम्ही बस ‘घेतो’, फोटो ‘घेतो’, आंघोळदेखील ‘घेतो’, आणि कचेरीतील प्रकरण चार दिवस ‘घेते’. इंग्रजी ‘टेक’ जाईल तिथे आमचे ‘घेणे’ पाठोपाठ निघालेच! वास्तविक बस घेणे म्हणजे ती विकत घेणे, आणि ते केंद्र सरकारच्या कारकुनाच्या आवाक्यातले नव्हे.

कळस झाला तो परीक्षेत. मराठीत परीक्षा घेतो तो मास्तर. विद्यार्थी ती देतो. बंगालीतही विद्यार्थी परीक्षा देतोच. आमची मुले मात्र ती ‘घेऊ’ लागली आहेत.

कित्येकांचे म्हणणे असे की, भाषा अशीच वाढते; आपण फारसी नाही का पचविली? पचविली खरी. ‘दखल’ हा शब्द बाहेरून आला, पण ती घेण्याची रीत आमची राहिली. फाइल, टेबल खुशाल येवोत; ते परके आहेत हे उघड दिसते. इथे शब्द आमचा आणि अर्थ उसना, म्हणून चोरी कोणाच्या ध्यानी येत नाही.

बरे, आमच्या क्रियापदांस दारिद्र्य आहे काय? आम्ही समाचार घेतो, कानोसा घेतो, तोंडसुख घेतो. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आंबा गोड लागतो आणि कोणी आपला मामा लागतो! इंग्रजाने हे सारे एका क्रियापदात बसवून दाखवावे. बंगाली माणूस पाणी ‘खातो’, सिगारेटही ‘खातो’. इंग्रजाला काय वाटेल याची तो फिकीर करीत नाही. बदली होऊन आलो तेव्हा आम्ही त्याला हसलो होतो. आता हसण्याचा अधिकार त्याचा.

याच हुगळीकाठी, सेरामपूरच्या छापखान्यात, विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश छापला. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवीत. आमची क्रियापदे समजून घेण्यासाठी एका इंग्रजाने कष्ट घेतले. (हे ‘घेणे’ मात्र अस्सल हो!)

पुण्यात मूल घरी चुकले तर गल्ली त्याला सुधारते. भवानीपुरात गल्ली बंगाली, शाळा इंग्रजी. मराठी उरते ती जेवणाच्या पानावर. तिथे बाप बोलेल तीच मराठी. उद्या नागपुरास बदली झाली आणि आमच्या चिरंजीवांनी नव्या शाळेत सांगितले, “मी वार्षिक परीक्षा घेऊन आलो आहे,” तर मास्तरांनी त्यांना बसवावे कोठे, बाकावर की आपल्या खुर्चीवर?