संगणकाशी गप्पा : नावातली मोकळी जागा

मंडळी, डॉसच्या काळात फाइलचं नाव आठ अक्षरांत कोंबावं लागे. १९९५ च्या विंडोजने ऐसपैस नावांची मुभा दिली आणि आपण खुशाल 'फोटो जुने' असे फोल्डर करू लागलो. माउसने उघडा, काही तक्रार नाही. पण आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत मोकळी जागा म्हणजे एक नाव संपलं, दुसरं सुरू!

समजा, लिनक्सवर किंवा मॅकवर घरच्या 'फोटो' फोल्डरशेजारी 'फोटो जुने' ही जादा प्रत आहे. ती पुसायला 'आरएम -आर फोटो जुने' लिहिलंत, तर यंत्र आधी 'फोटो' पुसतं, आणि मग 'जुने' सापडत नाही म्हणून कुरकुरतं. आजीआजोबांसकट सगळं गेलं. ही आज्ञा कचरापेटीतही काही ठेवत नाही.

म्हणून आमच्या घरी नियम आहे : पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घालायचं. त्याहून सोपं म्हणजे पहिली अक्षरं लिहून टॅब दाबावा. लिनक्स जागेपुढे उलटी तिरकी रेघ आपणच घालतं; विंडोज तर अवतरणचिन्हंच लावून देतं.