हाशेकची अर्धी गोष्ट

उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकीत एखाद्या वयस्क गोलरक्षकाचा सौदा ठरू लागला की 'अनुभव' हा शब्द हमखास पुढे केला जातो. आम्हांला तो संशयास्पद वाटतो. आपल्या समीक्षेत 'प्रगल्भ' हे विशेषण जसे पुढचा प्रश्नच बंद करते, तसेच काम हा शब्द तेथे करतो. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ दृष्टान्त बहुधा एकच: डोमिनिक हाशेक.

दृष्टान्त खोटा नाही. जुलै २००१ मध्ये बफलो सेबर्सने ३६ वर्षांचा हाशेक डेट्रॉइट रेड विंग्जला दिला. बदल्यात व्याचेस्लाव कोझलोव्ह आणि पुढच्या वर्षीच्या नवोदित-निवडीतला पहिल्या फेरीचा हक्क घेतला. जून २००२ मध्ये डेट्रॉइटने स्टॅन्ली चषक जिंकला. बाद फेरीतल्या सहा सामन्यांत हाशेकने प्रतिपक्षाला एकही गोल करू दिला नाही. सांगणारे येथे थांबतात. कथा कोठे थांबवली यावर तिचा अर्थ ठरतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही वेगळे काय सांगावे!

पुढची पाने वाचू. चषक मिळताच हाशेक निवृत्त झाला. त्याच्या जागी संघाने कर्टिस जोसेफशी तीन वर्षांचा, २.४ कोटी डॉलरचा करार केला. जोसेफही तेव्हा ३५ वर्षांचाच. २००३ मध्ये पहिल्याच फेरीत अ‍ॅनाहाइमने डेट्रॉइटला ४-० असे गुंडाळले. मग हाशेक परतला आणि एकाच जाळ्यासाठी दोन महागडे, वय झालेले गोलरक्षक झाले. २००३-०४ मध्ये जांघेच्या दुखण्यामुळे हाशेक केवळ १४ सामने खेळला. पुढे ओटावाकडून उत्तम हंगाम चालू असताना २००६ च्या ट्युरिन ऑलिंपिकमध्ये तो जायबंदी झाला आणि त्या हंगामात पुन्हा बर्फावर उतरला नाही. (पुढच्याच वर्षी, बेचाळिशीत, त्याने डेट्रॉइटला उपांत्य फेरीपर्यंत नेले, हेही नोंदवले पाहिजे.)

गोलरक्षकाची नजर वयाबरोबर पिकते, हे आम्ही मान्य करतो. परंतु पक अडवायचा असतो तो गुडघे बर्फावर टेकून, मांड्या फाकवून. 'अनुभव' हा शब्द नजरेविषयी बोलतो, सांध्यांविषयी मौन पाळतो. 'वय झाले, नको' म्हणणारेही तितकेच आळशी. २००१ चा सौदा आमच्या मते योग्यच होता, पण अनुभवामुळे नव्हे. संघ तयार होता, बफलोला पगाराचा भार उतरवायचा होता, म्हणून किंमत कमी पडली.

किंमत चढी असेल तर काय होते? फेब्रुवारी २०१४ मध्ये सेंट लुइसने ३३ वर्षांच्या रायन मिलरसाठी आपला गोलरक्षक हालाक, ख्रिस स्ट्यूअर्ट आणि पहिल्या फेरीचा हक्क देऊ केला. मिलरसोबत स्टीव्ह ऑटही आला, एवढेच. पहिल्याच फेरीत शिकागोने त्यांना सहा सामन्यांत घरी पाठवले आणि जुलैत मिलर व्हँकुव्हरला गेला. हा दृष्टान्त कोणी देत नाही.

शिवाय जोखीम घेणाऱ्याचीच असते, हाही भ्रम आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हँकुव्हरने ३४ वर्षांचा रोबेर्तो लुआँगो फ्लोरिडाला दिला. करार २०२२ पर्यंतचा होता. लुआँगो २०१९ मध्ये निवृत्त झाला. नियमानुसार त्याचा भुर्दंड व्हँकुव्हरवर आला. पुढचे तीन हंगाम, दरवर्षी ३० लाख डॉलरहून अधिक, त्यांच्या वेतनमर्यादेतली जागा एका अशा गोलरक्षकाने अडवली होती, जो पाच वर्षांपूर्वीच ते शहर सोडून गेला होता.